पाण्याची वहिवाट : वसई-विरारमधील नाले, पोटखराबा आणि बांधकामाचे नियम

पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेचे मुख आणि दक्षिणेस उल्हास नदीची वसई खाडी, अशी वसई-विरार परिसराची चतुःसीमा आहे. या सीमांच्या आत पडलेल्या पावसाला समुद्राकडे जाण्याचा मार्ग फार थोड्या उताराच्या जमिनीवरून शोधावा लागतो. डोंगरावरून वेगाने उतरलेले पाणी पेल्हार, वालीव, गोखिवरे या पायथ्याच्या गावांपाशी मंदावते, सपाटीवर पसरते आणि ओहोळ, नाले, खाजणे यांतून खाडीस मिळते. त्याच वेळी समुद्राला उधाणाची भरती असेल, तर खाडी ते स्वीकारत नाही, उलट खारे पाणीच आत लोटते. त्यामुळे पाणी कोणत्या पट्ट्यातून जावे, त्या पट्ट्यावर कोणी काय बांधू नये आणि तो साफ कोणी ठेवावा, हे प्रश्न या भागात महानगरपालिकेच्या कितीतरी आधीपासून उभे आहेत. त्यांची उत्तरे प्रत्येक राजवटीने दिली. मात्र त्या उत्तरांचा क्रम पाहिला असता असे दिसते, की पाण्याच्या वाटेवर बांधकाम करण्यास मनाई करणारे नियम वाढत गेले आणि त्या वाटेची निगा राखण्याची जबाबदारी मात्र वाटेपासून दूर दूर सरकत गेली.

खाजण, बावखल आणि पाट

वसईचा जुना भूभाग हे एक बेट होते आणि सोपाऱ्याची खाडी त्याला मुख्य भूमीपासून अलग करीत असे. प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, या खाडीच्या आधारानेच बंदर म्हणून भरभराटीस आले. कालांतराने खाडी गाळाने उथळ होत गेली आणि तिच्या दोन्ही काठांवर खाजणांचा विस्तार झाला. भरतीचे पाणी जिथे येते, अशा सखल व दलदलीच्या जमिनीस खाजण म्हणतात. मातीचा बांध घालून खारे पाणी रोखले, पावसाच्या पाण्याने जमिनीतील मीठ धुऊन काढले, की काही वर्षांनी तिच्यात भात पिकू लागते. बांधाला ठेवलेल्या झडपेच्या दाराला, अर्थात उघाडीला, दुहेरी काम असते, ते म्हणजे ओहोटीच्या वेळी शेतातील गोडे पाणी बाहेर सोडणे आणि भरतीच्या वेळी खारे पाणी अडवणे. 1534 च्या तहाने वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली व 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांकडे आली, तरी खाजणाच्या या तंत्रात मूलभूत फरक पडला नाही. खारजमीन बांध घालून लागवडीस आणणाऱ्यास काही वर्षे साऱ्याची सूट द्यायची आणि नंतर सारा क्रमाक्रमाने वाढवायचा, अशी कौलाची पद्धत मराठी राज्यात कोकणपट्टीवर रूढ होती. या सवलतीची किंमत बांध राखण्याच्या श्रमात मोजावी लागे, कारण एका ठिकाणी फुटलेला बांध संपूर्ण खाजणातील पीक नासवत असे.

खाजणाच्या पश्चिमेस, किनाऱ्यालगतच्या वालुकामय जमिनीवर, आगाशी, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, गास, वाघोली अशा गावांत केळी, पानवेली व भाजीपाल्याच्या वाड्या विकसित झाल्या. त्यांचा आधार बावखल हा होता. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खोदलेला मोठा, उघडा, मातीच्या काठांचा जलाशय. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्यात उतरे, जमिनीत झिरपून विहिरींचे झरे राखी आणि उरलेले पाणी उन्हाळ्यात शिंपणासाठी उपयोगी पडे. विहिरीवर बैलांनी चालणारा रहाट आणि त्याच्या पन्हाळातून वाडीभर फिरणारे मातीचे पाट हा या व्यवस्थेचा दुसरा भाग होता. पाट एका मालकाच्या वाडीतून दुसऱ्याच्या वाडीत जाई आणि पावसाळ्याआधी तो साफ करण्याचे काम ज्याच्या जमिनीतून तो जाई आणि ज्याच्या जमिनीला त्याचा लाभ होई, त्या दोघांच्याही हिताचे असे. पाट बुजवणाऱ्याची स्वतःची वाडीच पुढच्या पावसात तुंबण्याची शक्यता असल्याने मनाईला वेगळ्या शिक्षेची फारशी गरज नव्हती. या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे कारण नाही, कारण पाण्यावरून होणारे तंटे कोकणातील शेजाराचा नेहमीचा भाग होते. तथापि तंटा करणारे दोघेही वाटेवरच राहत होते आणि तिच्या त्या वेळच्या अवस्थेची त्यांना प्रत्यक्ष माहिती होती.

रूळ आणि मोजणी

एकोणिसाव्या शतकात या भूभागावर दोन गोष्टी आल्या, ज्यांचे परिणाम आजही टिकून आहेत. पहिली म्हणजे रेल्वे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा मार्ग 1864 मध्ये सुरतेकडून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि 1867 मध्ये विरारहून मुंबईला लोकल गाडी सुरू झाली. रुळांसाठी उत्तर-दक्षिण असा मातीचा उंच भराव घातला गेला, तर पाण्याचा स्वाभाविक ओघ पूर्व-पश्चिम होता. त्यामुळे डोंगराकडचे सर्व पाणी भरावातील मोजक्या मोऱ्यांवर, म्हणजे रुळांखालून जाणाऱ्या अरुंद पाणवाटांवर, अवलंबून राहिले. विखुरलेला ओघ ठरावीक बिंदूंवर एकवटला, आणि त्या बिंदूंच्या वरच्या व खालच्या बाजूंची जमीन मोकळी राहणे अधिकच आवश्यक झाले. पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या भरावाने हाच परिणाम पूर्वेकडे पुन्हा घडवला.

दुसरी गोष्ट म्हणजे जमिनीची शास्त्रीय मोजणी आणि सर्व्हे नंबर. मोजणीदाराने प्रत्येक शेताचे क्षेत्र ठरवताना त्यातील लागवडीस अयोग्य भाग वेगळा दाखवला, त्यास पोटखराबा असे नाव आहे. त्याचे दोन वर्ग आजही सात-बारा उताऱ्यावर दिसतात. वर्ग 'अ' मध्ये खडकाळ वा अन्य कारणाने नापीक जमीन येते. वर्ग 'ब' मध्ये सार्वजनिक कामासाठी राखलेला किंवा रस्ता, ओहोळ, पाट, तलाव यांनी व्यापलेला आणि इतरांच्या उपयोगाचा भाग येतो. त्यावर आकारणी होत नाही. उताऱ्यावर भोगवटादार म्हणून नाव एका शेतकऱ्याचे असते, एकूण क्षेत्रात काही गुंठे पोटखराबा 'ब' धरलेले असतात, आणि गावनकाशावर त्याच जागी नाल्याच्या दोन समांतर रेषा काढलेल्या असतात. जमीन खासगी आहे, परंतु तिचा एक पट्टा पाण्यासाठी व परक्यांसाठी बांधील आहे, ही गोष्ट या तीन नोंदींतून एकत्र वाचावी लागते. अमेरिकेतील उपनगरांत भूखंडाच्या नोंदणीकृत नकाशावर तुटक रेषांनी पाण्याचा वा वाहिन्यांचा पट्टा दाखवला जातो आणि घरमालक त्या पट्ट्याचा मालक असूनही तेथे खोली किंवा भिंत बांधू शकत नाही. महाराष्ट्रातील पोटखराबा 'ब' हे त्याचे जवळचे भावंड म्हणता येईल, फरक इतकाच की ही नोंद महसूल आकारणीसाठी जन्मली, बांधकामाच्या नियंत्रणासाठी नव्हे. राज्य सरकारने 2018 मध्ये वर्ग 'अ' चे क्षेत्र लागवडीयोग्य म्हणून नोंदवण्यास मुभा दिली, परंतु वर्ग 'ब' ला ती दिली नाही, यावरून दोन्हींतील भेद शासनाच्या लेखी अजूनही जिवंत आहे हे स्पष्ट होते.

दोन शेजाऱ्यांमधला हक्क

मोजणीने पट्टा कागदावर आणला, तर 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने त्याला न्यायालयीन भाषा दिली. हा कायदा मुंबई इलाख्यास 1891 मध्ये लागू झाला. सुविधाधिकार, ज्यास व्यवहारात वहिवाटीचा हक्क म्हटले जाते, म्हणजे एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला मर्यादित हक्क. जाण्यायेण्याची वाट, पाणी नेण्याचा पाट, छपराचे पाणी पडू देणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. असा हक्क 20 वर्षांच्या शांततापूर्ण व अखंड उपभोगाने निर्माण होतो आणि जमीन सरकारी असेल तर ही मुदत 30 वर्षांची आहे. उंचावरील जमिनीवर पडलेले पाणी स्वाभाविकपणे खालच्या जमिनीवर वाहून जाऊ देणे, हे तर कायद्याने जमिनीच्या मालकीचेच एक अंग मानले आणि त्यासाठी वेगळ्या वहिवाटीची अट ठेवली नाही.

या कायद्याच्या उदाहरणांतील एक प्रसंग वसईसारख्या ठिकाणी लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून नळ नेऊन आपल्या टाकीत पाणी आणण्याचा हक्क ज्यास आहे, त्यास नळ दुरुस्तीसाठी त्या जमिनीत शिरता येते व ती खणताही येते, मात्र काम संपल्यावर त्याने जमीन पूर्ववत करून द्यावी लागते. याचा अर्थ, ज्याच्या जमिनीवर हा भार आहे, त्याने हक्काच्या आड येऊ नये एवढेच अपेक्षित आहे. दुसऱ्याच्या सोयीसाठी स्वतः काही करण्याचे बंधन कायदा त्याच्यावर घालत नाही, आणि डागडुजीचा खर्च हक्कधारकाने सोसावयाचा असतो. पाटाच्या जुन्या व्यवहारात दोघांचे असलेले काम येथे एकाचे झाले. शिवाय हक्क सिद्ध करण्यास दिवाणी दावा करावा लागे, जो वर्षानुवर्षे चालत असे, आणि पाऊस तर दरवर्षी येत असे. ही अडचण शासनासही जाणवत होती. 1876 च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने मामलेदारास, आजच्या भाषेत तहसीलदारास, संक्षिप्त चौकशीचा अधिकार दिला. शेती, चराई, झाडे वा पीक यांच्या जमिनीवरून शेजारच्या जमिनीकडे जाणाऱ्या पाण्याच्या स्वाभाविक ओघात कोणी अडथळा उभा केला, तर तक्रारीनंतर तो दूर करण्याचा आदेश मामलेदार देऊ शकतो. अर्ज मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. गावात राहणाऱ्या शेतकऱ्यास हा उपाय सोयीचा होता, कारण बांध कोणी कधी घातला हे त्याच्या डोळ्यांसमोर घडलेले असे. मात्र त्याची कक्षा शेतजमिनीपुरती होती, आणि वसईत शेतजमीन बिनशेती होऊ लागली तसा हा उपाय कागदावर राहून त्याचा विषयच नाहीसा होत गेला.

नगराचा पट्टा

1966 हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने नदी, खाडी, ओढे, नाले यांचे पात्र, ते कोणाच्या मालकीचे नसेल तर, शासनाचे असल्याचे स्पष्ट केले आणि जिल्हाधिकाऱ्यास सरकारी जमिनीवरील अतिक्रमण हटवण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने विकास आराखडा, आरक्षण व बांधकाम परवानगी यांची चौकट उभी केली. विनापरवाना बांधकाम हा गुन्हा ठरला आणि ते पाडण्याची नोटीस देण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणास मिळाला. गावपातळीवर 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम होताच. त्यातील कलम 53 अन्वये सार्वजनिक रस्त्यावर किंवा रस्त्यातील उघड्या गटारावर भिंत, कुंपण, ओटा बांधणाऱ्यावर पंचायत कारवाई करू शकत होती.

वसई-विरारला या चौकटीची कसोटी 1980 नंतर लागली. लोकलने मुंबईशी जोडलेल्या, परंतु मुंबईच्या तुलनेने स्वस्त जमिनीकडे मध्यमवर्ग व श्रमिक वर्ग वळला, आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीत इमारती उभ्या राहू लागल्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामासाठी खुला करण्याच्या धोरणाविरोधात हरित वसई संरक्षण समितीने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली, मोठे जनआंदोलन उभारले. भूजल उपसणारे टँकर आणि बुजवली जाणारी बावखले हे त्या आंदोलनाचे जिव्हाळ्याचे विषय होते. 1990 मध्ये राज्याच्या सिडको या शहर विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, 2007 मध्ये या उपप्रदेशाचा विकास आराखडा मंजूर झाला, 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली, आणि 2010 मध्ये नियोजनाचे अधिकार सिडकोकडून तिच्याकडे आले. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांहून अधिक भरली. म्हणजे वस्तीचा मोठा भाग आराखडा मंजूर होण्यापूर्वीच उभा राहिला होता, आणि नाल्यांच्या रेषा नकाशावर आखल्या गेल्या तेव्हा त्यांपैकी काहींवर घरे आधीच होती.

महानगरपालिकेस लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमात या विषयाची तरतूद बारकाईने केलेली आहे. रस्त्यात किंवा रस्त्यातील उघडा नाला, गटार, विहीर वा तलाव यांवर भिंत, कुंपण, पायरी अशी अडथळा ठरणारी रचना आयुक्तांच्या परवानगीविना करण्यास कलम 229 मनाई करते आणि अशी रचना कलम 231 अन्वये नोटिशीविनाही काढता येते. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने नदीकाठच्या बांधकामासाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा मानल्या आहेत. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. किनारा नियमन क्षेत्राची 1991 ची अधिसूचना, तसेच कांदळवनांभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश, यांनी खाडीकाठावर आणखी एक वर्तुळ आखले.

वीज व नळ यांच्या पट्ट्यांचे नियम वेगळ्या उगमाचे असूनही त्यांची जात तीच आहे. विजेच्या उघड्या तारांपासून इमारतीचे अंतर कमी दाबाच्या वाहिनीसाठी उभे 2.5 मीटर व आडवे 1.2 मीटर, तर 11 ते 33 किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी उभे 3.7 मीटर व आडवे 2 मीटर राखावे लागते. तेल व वायूच्या वाहिन्यांसाठी केंद्राने 1962 मध्ये केलेल्या कायद्यानुसार सरकार जमीन न घेता केवळ वापराचा हक्क संपादन करते. मालक पूर्वीप्रमाणे पीक घेऊ शकतो, परंतु त्या पट्ट्यात इमारत, तलाव, विहीर, धरण किंवा झाड यांस मनाई आहे. अशा वाहिनीच्या मार्गावर खुणेचे खांब रोवलेले असतात आणि तिची देखरेख करणारी एक ठरावीक संस्था असते. पावसाच्या पाण्याच्या नाल्याला मात्र महसूल, पाटबंधारे, रेल्वे, महामार्ग, मीठ विभाग आणि महानगरपालिका असे अनेक पालक आहेत, आणि खुणेचा खांब बहुधा एकही नाही.

आरक्षणावरची घरे

प्रत्यक्षात पट्टे कसे आक्रसले, हे समजण्यासाठी मोठ्या अतिक्रमणाइतकेच लहान बांधकामही पाहावे लागते. रस्त्याकडेच्या उघड्या गटारावर दुकानदार आधी फरशी टाकतो, मग तिच्यावर पायरी येते, पायरीवर पत्र्याची शेड येते, आणि काही वर्षांनी शेडला विटांची भिंत मिळते. गटार त्याखालून वाहत राहते, परंतु गाळ काढण्यासाठी कामगाराला आत उतरता येत नाही, आणि वहिवाटीच्या हक्कातील 'दुरुस्तीसाठी प्रवेश' हा जो गाभा आहे, तोच नाहीसा होतो. मोठ्या प्रमाणावर हेच नैसर्गिक नाल्यांबाबत घडले. शेतजमीन गुंठ्यागुंठ्यांनी विकली गेली, विक्रीच्या कागदावर पूर्ण क्षेत्र आले, पोटखराबा 'ब' ची नोंद मागे पडली, भराव घालून जमीन उंच केली गेली आणि तिच्यावर चाळी किंवा इमारती उभ्या राहिल्या. ज्या मिठागरांवर व खाजणांवर पावसाळ्यात पाणी साठून ओहोटीपर्यंत थांबत असे, त्यांच्या कडाही भरावाखाली गेल्या.

जुलै 2018 मधील पूर हा या प्रक्रियेचा सर्वांत ठळक हिशेब ठरला. वसई, नालासोपारा व विरार येथे कित्येक दिवस पाणी साचले, नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडाल्याने पश्चिम रेल्वेची वाहतूक थांबली, लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवाशांना बचाव पथकांनी बाहेर काढले आणि वसईच्या मिठागरांवरील कामगारांची वस्ती पाण्याने वेढली गेली. त्यानंतर महानगरपालिकेने आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) यांच्या तज्ज्ञांकडून कारणांचा अभ्यास करून घेतला. नाले रुंद व खोल करणे आणि पावसाचे पाणी तात्पुरते साठवणारे धारण तलाव बांधणे हा त्यांच्या उपायांचा गाभा होता. रेल्वेनेही भरावाखालून अधिक पाणी जावे यासाठी सूक्ष्म बोगद्याच्या तंत्राने नव्या मोऱ्या घातल्या. खाजण व बावखल जे काम करीत होते, तेच काम आता धारण तलावाच्या नावाने, परंतु जमीन शोधून व तिची किंमत मोजून, नव्याने उभे करावे लागणार होते.

नियम आणि राखणदार यांच्यातील अंतर किती वाढले आहे, हे नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरीच्या प्रकरणाने दाखवले. सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमी यांसाठी आराखड्यात राखून ठेवलेल्या जमिनीवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, त्यांत सदनिका विकल्या गेल्या, कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली, आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नोव्हेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025 या काळात महानगरपालिकेने त्या पाडल्या. हजारो रहिवासी बेघर झाले. जी जागा शहराच्या मैल्याची वाट होती, तीच त्यांना घर म्हणून विकली गेली होती, आणि तिच्यावरील आरक्षण सर्वांत ठामपणे बजावले गेले ते घर विकत घेणाऱ्यावर, बांधणाऱ्यावर नव्हे. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतचा 10 मीटरचा पट्टा न्यायालयाच्या आदेशाने मोकळा करताना झोपडीधारकांना माहुलला जावे लागले, त्यातही हेच सूत्र दिसते. मनाई पहिल्या विटेच्या वेळी अंमलात आली तर ती एका नोटिशीचे काम असते, आणि शेवटच्या विटेनंतर आली तर ते पुनर्वसनाचे काम होते.

यावरून वसई-विरारच्या इतिहासाने ठेवलेला प्रश्न नव्या मनाईचा नाही असे दिसते. 1882, 1906, 1949, 1966 आणि 2020 च्या नियमांत पाण्याच्या वाटेवर बांधू नये ही गोष्ट पाच निरनिराळ्या भाषांत सांगितलेली आहे. कमतरता आहे ती या नियमांना जोडणाऱ्या नोंदीची आणि नाव असलेल्या राखणदाराची. पोटखराबा 'ब' चे गुंठे बिनशेती परवानगीत, विकास आराखड्यात व बांधकाम नकाशात त्याच मापाने उतरले, तर खरेदीदाराला आपण काय विकत घेत आहोत हे सही करण्यापूर्वी वाचता येईल. आणि प्रत्येक नाल्याच्या ठरावीक लांबीस एका कार्यालयाचे नाव जोडले, तर मामलेदाराच्या जुन्या सहा महिन्यांच्या मुदतीमागचे शहाणपण नगरालाही वापरता येईल, की अडथळा नवा असतानाच तो ओळखला पाहिजे आणि तो ओळखणारा माणूस त्याच वाटेवर असला पाहिजे.